उतरताना लाइन सोडायची राहिली तर
ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) उडवणाऱ्यांपैकी काही जण म्हणतात की स्टॅटिक लाइनवाल्या, म्हणजे दोरीचं टोक ग्लायडरमधल्या कडीला अडकवलेल्या पॅराशूटला उघडायचं हँडल शोधावं लागत नाही म्हणून नवशिक्यांना तेच द्यावं. मला पटतं, ग्लायडर कमी उंचीवर गरगरत असताना हात हँडलपर्यंत पोचेलच असं नाही, लाइन असली की बाहेर पडल्यावर तीच पॅक ओढून उघडते. पण ती जमिनीवरही उघडते, हे कुणी बोललं नाही.

जर्मनीत शिकत होतो तेव्हा लँडिंगनंतर सीटचे पट्टे सोडले, पॅराशूट पाठीवर ठेवूनच उतरलो, आणि लाइन सीटमागच्या लाल कडीतच अडकलेली, दोन-चार पावलांत सगळं कापड गवतावर. नशीब वारा नव्हता, नाहीतर फुगलेलं कापड माणसाला फरफटत नेतं. पॅराशूट परत पॅक करायला पाठवावं लागलं. आता बसताना आधी लाइन कडीत मग पट्टे, ती पट्ट्यांखालून गेली नाही ना हे दुसऱ्याकडून बघून घेतो, आणि उतरायच्या आधी लाइन काढतोच. आणि प्लीज, ज्या ग्लायडरमध्ये तशी कडी नाही तिथे सीटच्या पट्ट्याला वगैरे बांधून जुगाड करू नका, सरळ हँडलवालं पॅराशूट घ्या.