सोनोग्राफीच्या वार्षिक कॉन्फरन्ससाठी तीन दिवस सेंटर बंद ठेवावं का?

खानापूर_सोनो
नमस्कार मंडळी. खानापुरात माझं छोटं स्कॅनिंग सेंटर आहे, मशीन एकच आणि स्कॅन करणारा पण मी एकटाच. सहा वर्षांत एकदाही मोठ्या कॉन्फरन्सला गेलो नाही, दर वर्षी मनात येतं आणि दर वर्षी राहून जातं कारण जांबोटी, कणकुंबीकडनं बायका बस पकडून येतात, त्यांना दारावर कुलूप दाखवायचं म्हणजे जिवावर येतं. यंदा बंगळूरला आहे, शुक्रवार ते रविवार, राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघालं की सकाळी पोचतोय. पण फी बरीच आहे, त्यात वर्कशॉपचे पैसे वेगळे. तिथं जे शिकवतात ते नंतर यूट्यूबवर मिळतंच की, असं घरचे म्हणतात. खरंच फरक पडतो का? दुसरं म्हणजे कोल्हापूरचा एक मित्र तीन दिवस माझ्या जागी बसायला तयार आहे, तसं चालेल का? आणि माझं पोर्टेबल मशीन वर्कशॉपला सोबत नेलं तर? सवयीच्या मशीनवर हात लवकर बसतो म्हणून विचारतोय.

टिळकवाडीचा_जुना_रेडिओलॉजिस्ट
डॉक्टर, आधी शेवटच्या दोन प्रश्नांचं बोलतो कारण तिथं चूक झाली तर मशीनला सील लागेल. मित्राला बसवायचा विचार सोडा. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली सेंटरच्या रजिस्ट्रेशनमध्ये ज्याचं नाव आहे त्यानंच स्कॅन करायचा, आणि माणूस बदलायचा असेल तर ३० दिवस आधी कळवावं लागतं. वर २०१२ च्या दुरुस्तीनंतर एका डॉक्टरला जास्तीत जास्त दोनच सेंटर, ती पण एकाच जिल्ह्यात. तो कोल्हापूर जिल्ह्यात काम करतो म्हटल्यावर तिथंच विषय संपला, आणि कर्नाटक मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हा पुढचा प्रश्न. आपल्याला सीमा जाणवत नाही हो, माझ्याकडं निम्म्या बायका चंदगड तालुक्यातनं येतात, सगळे एकमेकांचे पाव्हणे, पण कायद्याला जिल्हा आणि राज्य दिसतंच.
मशीन पण न्यायचं नाही, ते तुमच्या पत्त्यावर नोंदलेलं आहे. लाइव्ह वर्कशॉपची मशीनं आयोजक परवानगी काढून आणतात. आणि तारखा महिन्याच्या सुरवातीला येत असतील तर फॉर्म एफ (प्रत्येक गरोदर बाईच्या स्कॅनची नोंद) आणि महिन्याचा रिपोर्ट जायच्या आधी देऊन टाका, ५ तारीख कॉन्फरन्ससाठी थांबत नाही. म्हणजे सेंटर बंदच ठेवावं लागणार, पण जा. एकटा स्कॅन करणारा माणूस स्वतःच्या चुका स्वतःच पास करत असतो, त्याला वर्षातनं एकदा तरी दुसऱ्याची नजर पाहिजे.

निपाणी_स्त्रीरोग
सरांशी सहमत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिन्ही दिवस मोठ्या हॉलमध्ये बसून लेक्चरं ऐकली, वही भरली, आणि घरी येऊन आधी करत होते तसंच करत राहिले. लेक्चरं यूट्यूबवर मिळतात हे तुमच्या घरच्यांचं म्हणणं बरोबरच आहे. दुसऱ्या वेळी फक्त ११ ते १३ आठवड्यांचं हँड्स-ऑन वर्कशॉप घेतलं आणि तिथं शिकवणाऱ्या मॅडमनी माझा हात धरून थांबवलं. मी एनटी (बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी) मोजत होते ती इमेज फारच लहान होती. स्क्रीनवर फक्त डोकं आणि छातीचा वरचा भाग दिसेल एवढं मोठं करायचं, बाळाची मान ना वाकलेली ना ताणलेली, आणि कॅलिपर (मोजायची खूण) पांढऱ्या रेषेच्या आतल्या कडेवर. हे सगळं मी वाचलेलं होतं हो, तरी चुकत होते. परत येऊन जुन्या इमेजेस काढून बघितल्या, बऱ्याच नियमात बसत नव्हत्या. त्या रात्री झोप लागली नाही.
तिथंच युटेराईन आर्टरीचा, म्हणजे गर्भाशयाच्या रक्तवाहिनीचा डॉप्लर (रक्ताचा वेग मोजणारा स्कॅन) पण शिकले. गेट (वेग मोजायची चौकट) २ मिमी, अँगल ३० अंशांच्या आत, आणि पीक वेग सेकंदाला ६० सेमीच्या वर आला तरच ती युटेराईन, नाहीतर आपण भलत्याच शाखेवर बसलोय. टीआय (स्कॅननं ऊती किती तापतील त्याचा आकडा) १.० च्या आत ठेवायचा, उगाच डॉप्लर लावून बसायचं नाही. हे इतकं लिहितेय कारण २०१७ च्या अ‍ॅस्प्रे ट्रायलमध्ये जास्त रिस्कवाल्या बायकांना ११ ते १४ आठवड्यांत १५० मिग्रॅ एस्पिरिन रोज रात्री सुरू केलं आणि ३७ आठवड्यांच्या आत होणारा प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणात बीपी वाढून होणारा आजार) ६२ टक्क्यांनी कमी झाला. अर्थात रिस्क नुसत्या डॉप्लरवर ठरत नाही, बीपी, वय, आधीची बाळंतपणं सगळं धरावं लागतं. माझ्याकडं बिडी वळणाऱ्या बायका येतात, पुष्कळ जणी बीपी पहिल्यांदा माझ्याकडंच मोजून घेतात. तेव्हा हॉल सोडा, हँड्स-ऑनला पैसे घाला.

कणकुंबीकर
मी डॉक्टर नाही, पण ह्यात आमचं पण काम आहे म्हणून लिहितोय. मागं एका गावात बायकोला स्कॅनिंगला घेऊन गेलो, पावसात दोन बस बदलून, तर दार बंद आणि नुसती चिठ्ठी, डॉक्टर बाहेरगावी. चार दिवसांनी परत गेलो तर म्हणाले त्या तपासणीचे दिवस उलटून गेले आता. असं का हुतंय ते त्यावेळी कुणी सांगितलंच नाही. तुम्ही जावा की डॉक्टर, शिकून आलात तर आमचंच भलं हाय, फक्त आधी सांगा एवढंच.

निपाणी_स्त्रीरोग
दादा, ती एनटीची तपासणी असणार. बाळाची लांबी ४५ ते ८४ मिमी असेपर्यंतच होते, म्हणजे ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस. त्यात चार दिवस गेले की कुणाकुणाचं हुकतंच. वाईट वाटलं वाचून.

खानापूर_सोनो
सगळ्यांचे आभार. मित्राला नको म्हणून कळवलं, पहिल्या तिमाहीच्या हँड्स-ऑनला नाव घातलं. कणकुंबीकर दादा, तुमचं वाचून दुपारी रजिस्टर घेऊन बसलो, त्या तीन दिवसांत किंवा लगेच नंतर ज्यांचे १३ आठवडे ६ दिवस भरतात अशा नऊजणी निघाल्या. सहाजणींना फोन लागला, त्या आदल्या सोमवार-मंगळवारी येतात म्हणाल्या. तिघींचा फोन लागत नाही, दोघी तुमच्याच बाजूच्या आहेत, उद्या सकाळी तिथल्या आशाताईंना निरोप देतो. आणि मॅडम, माझ्या जुन्या एनटी इमेजेस पेनड्राईव्हवर घेतोय, पेशंटची नावं काढून. वर्कशॉपमध्ये कुणी बघून सांगेल का त्या?

निपाणी_स्त्रीरोग
सांगतील. जेवणाच्या सुट्टीत धरा त्यांना, तेव्हा निवांत असतात.