मृत समुद्राभोवतीची बायबलमधली स्थळं: पाच दिवसांत काय बसेल?

मिरज_अभ्यासगट:
सर्वांना सलाम. आमच्या मंडळीतल्या अभ्यासगटाचं मृत समुद्राच्या परिसरात जायचं ठरतंय. पंधराएक जण, बहुतेक साठीच्या पुढचे. हातात पाच दिवस. प्रवास कंपनीने मसादाचा डोंगरी किल्ला, एन-गेदीची झऱ्यांची घळ आणि कुमरानची प्राचीन वस्ती एकाच दिवसात बसवलंय. हे झेपेल का? उत्पत्तीत नाश पावलेली सदोम-गमोरा ही नगरं म्हणून जे दाखवतात त्यावर किती विश्वास ठेवावा? आणि मोशेचा नबो डोंगर जॉर्डनमध्ये आहे, तर दोन्ही काठ धरावेत का? निघण्याआधी कोणते अध्याय वाचावेत तेही सांगा.

कराडचा_भूगोल:
स्थळांच्या यादीआधी उतार समजून घ्या. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर वर, मृत समुद्राचा काठ ४३० मीटरहून जास्त खाली, आणि सरळ रेषेत अंतर पंचवीसेक किलोमीटर. भूमध्य समुद्राकडून येणारे ढग डोंगरमाथ्यावरच रिते होतात. यरुशलेमला वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खाली काठावर शंभराच्याही आत. महाबळेश्वर आणि माण यांच्यात जे होतं तेच, पण कितीतरी कमी अंतरात. लूक १० मधल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातला वाटसरू लुटला जातो तो याच ओसाड, घळींच्या उतारावर.

त्यामुळे प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न विचारायचा: इथे पिण्याचं पाणी कुठून यायचं? यरीहोला बारमाही झरा आहे, म्हणून तिथल्या टेकाडात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा साडेआठ मीटरचा दगडी बुरूज मिळतो. कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ मध्ये तो उकरून काढला. एन-गेदीला कड्यातून झरे येतात, म्हणून शौल राजापासून पळालेला दावीद माणसं घेऊन तिथे लपू शकला (१ शमुवेल २४). कुमरानच्या वस्तीत झरा नाही. तिथे घळीतलं पुराचं पाणी अडवून चरातून टाक्यांत आणलेलं दिसतं. तो चर शोधून त्याच्या कडेने चाला, सगळी वस्ती उलगडते. मसादावरही तेच. ओढ्यांना आलेला पूर कड्याच्या उतारात खोदलेल्या टाक्यांत वळवायचा आणि तिथून पाणी वर वाहून न्यायचं. गाईड हेरोद राजाचा राजवाडा दाखवून उरकतात, टाक्या राहून जातात. आग्रहाने दाखवायला सांगा.

आता वेळेचं. एका दिवसात तिन्ही होतात, पण धावपळीत. दोन दिवस द्या, मुक्काम एन-गेदी किंवा दक्षिणेकडच्या एन-बोकेक या हॉटेलांच्या वस्तीत. पहिल्या दिवशी यरुशलेमहून निघून सकाळी कुमरान, दुपारी एन-गेदी. एन-गेदीच्या संरक्षित क्षेत्रात बंद होण्याच्या तासभर आधी प्रवेश थांबतो आणि शुक्रवारी सगळीकडे लवकर बंद होतं. दुसऱ्या दिवशी उघडताच मसादा. पूर्वेकडून रोपवे आहे, तुमच्या गटाने तोच घ्यावा. त्याच बाजूची पायवाट, सर्पवाट, साडेतीनशे मीटर चढते, तास लागतो, आणि फार उष्णता असली की बंद ठेवतात. पश्चिमेला रोमन सैन्याने रचलेल्या चढणीने वीस मिनिटांत वर पोचता येतं, पण तिकडची गाडीवाट अरादवरून आहे. दोन्ही पायथे रस्त्याने थेट जोडलेले नाहीत. "पूर्वेने चढून पश्चिमेला उतरू, बस तिकडे येईल" असं ठरवलं तर बसला मोठा वळसा पडतो आणि गट उन्हात थांबतो.

माणदेशी:
सदोमबद्दल. खात्रीने बोट ठेवावं अशी जागा नाही. उत्पत्ति १४ सिद्दीम खोरं आणि डांबराच्या खाणींचा उल्लेख करतं, आणि या सरोवरात डांबराचे गोळे वर येत असत हे प्राचीन लेखकांनीही लिहून ठेवलंय, एवढं जुळतं. दक्षिणेच्या टोकाजवळ जॉर्डनच्या बाजूला बाब-एद्-द्राहा हे ताम्रयुगानंतरच्या आरंभीच्या कांस्ययुगातलं तटबंदीचं गाव आहे, भोवती प्रचंड दफनभूमी. बरेच जण तेच सदोम धरतात. उत्तरेच्या तल-अल-हम्मामवर उल्का फुटून शहर नष्ट झालं, असा २०२१ चा शोधनिबंध खूप फिरला. तो नियतकालिकाने २०२५ मध्ये मागे घेतला, तेव्हा त्याचे व्हिडिओ गटात पाठवू नका. इस्राएलच्या बाजूला, मिठाचा खांब झालेली 'लोटाची बायको' म्हणून दाखवतात तो सदोम डोंगराचा सुटा उभा सुळका. पूर्ण डोंगरच मिठाचा आहे, असे सुळके झिजेने बनतात.

पाण्याबद्दल एक महत्त्वाचं. एन-बोकेकची हॉटेलं आज मूळ सरोवरावर नाहीत. दक्षिणेचं खोरं उथळ होतं, ते आटलं. आता तिथे खनिज कारखान्यांची बाष्पीभवनाची तळी आहेत, उत्तरेकडून पाणी उपसून भरलेली. तळाशी मीठ साचत जातं, म्हणून तिथे पाणी वर चढतं, तर उत्तरेला मूळ सरोवर वर्षाला सुमारे एक मीटर उतरतंय. यार्देन (जॉर्डन) नदीचं पाणी वरच अडवलं, हे त्याचं मुख्य कारण. काठ मागे सरकला की जमिनीखालचं गोडं पाणी पुरलेल्या मिठाच्या थरात शिरतं, मीठ विरघळतं आणि वरची जमीन अचानक खचते. असे हजारो खड्डे आहेत. कुंपणाची पाटी दिसली की पुढे पाऊल नको, फोटोसाठीही नको.

तरंगताना: आदल्या दिवशीपासून दाढी करू नका, खारं पाणी झोंबतं. चांदी उतरवून ठेवा, काळी पडते. पाठीवर हळू टेका, पालथं होऊ नका. उठताना गुडघे पोटाशी घेऊन पाय खाली सोडा. दहा-पंधरा मिनिटं पुरे. डोळ्यांत गेलं तर चोळू नका, गोड्या पाण्याची बाटली काठावर तयार ठेवा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

पलीकडचा_काठ:
पूर्व काठाचे, म्हणजे जॉर्डनमधले, दोन दिवस नक्की धरा. मोशे नबोवरून वचनदत्त देश पाहतो तो अध्याय, अनुवाद ३४, नबोवरच वाचावा, आणि सकाळी. समोरचा देश पश्चिमेला आहे, सकाळी ऊन पाठीशी असतं. दुपारनंतर धुरकट होतं. तिथून मादबा गाव जवळ. संत जॉर्ज चर्चच्या फरशीवरचा सहाव्या शतकातला नकाशा नीट बघा: पूर्व वरच्या बाजूला, क्षारसमुद्रात (म्हणजे मृत समुद्रात) दोन नावा, आणि यार्देनच्या मुखाशी खाऱ्या पाण्याला पाठ फिरवणारा मासा. लोट पळून गेला ते सोअरही खजुरीच्या झाडांसकट आहे. यहेज्केल ४७, हे पाणी गोडं होऊन त्यात मासे होतील असं सांगणारा अध्याय, आधी वाचून गेलात तर त्या माशापुढून पाय निघणार नाही.

मुकाविर हा याच काठावरचा हेरोदाचा किल्ला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा वध इथे झाला हे पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस सांगतो, मार्क ६ जागेचं नाव देत नाही. येशूच्या बाप्तिस्म्याची जागा यार्देनच्या दोन्ही काठांवर दाखवतात, मध्ये नदी काही मीटरच. पश्चिम काठावर कुंपणाबाहेर जुने भूसुरुंग आहेत, वाट सोडू नका.

यार्देनवरच्या ॲलेन्बी पुलावर, म्हणजे सरहद्दीच्या नाक्यावर, जॉर्डनचा व्हिसा मिळत नाही, आधी काढा. परत इस्राएलला यायचं असेल तर तिथला व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, ते बघा. ओलांडायला अर्धा दिवस धरा. पैसे भरण्याआधी भारतीय दूतावासांच्या चालू सूचना वाचा.

मिरज_अभ्यासगट:
मनापासून आभार. मुकाविरला गुडघेदुखीवाले चढतील का? आणि महिना कोणता?

पलीकडचा_काठ:
पायऱ्यांची वाट आहे, सावकाश वीसेक मिनिटं, सावली अजिबात नाही. न जमणाऱ्यांनी वाहनतळावरूनच बघावं, किल्ल्याची टेकडी आणि खाली सरोवर दोन्ही दिसतं. नोव्हेंबर किंवा मार्च उत्तम. पण दोन्ही महिने पुराच्या हंगामातले. आकाश निरभ्र असलं तरी वर डोंगरात पाऊस झाला की घळीत लोंढा येतो. २०१८ मध्ये दोन्ही काठांवर असे जीव गेले. पावसाचा इशारा असेल त्या दिवशी एन-गेदीच्या घळी रद्द करून कुमरान किंवा मादबा घ्या.