छोट्या हायस्कुलात मैदानी सराव शाळेच्या वेळात हवा की शाळा सुटल्यावर?

मैदान_आखणारा

खेड्यातलं छोटं हायस्कूल म्हणजे सगळे वर्ग मिळून सव्वाशे मुलं, सात-आठ शिक्षक, एक मैदान आणि निम्म्याहून अधिक मुलं बसने येणारी. अशा शाळेत धावणं, उड्या, गोळाफेक यांचा सराव शाळा सुटल्यावर ठेवला की तो आसपास राहणाऱ्या मुलांपुरताच उरतो. शेवटची बस गेली की निम्मा संघ गेला. म्हणून आठवड्यातले तीन दिवस शेवटचा तास मैदानाला द्यावा, आणि तो निवडलेल्या दहा खेळाडूंना नव्हे तर सगळ्यांना द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

‘सगळ्यांना’ यावर मी अडून बसतो त्याला कारण आहे. रॉजर बार्कर आणि पॉल गम्प या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या हायस्कुलांचा अभ्यास १९६४ साली प्रसिद्ध केला. मोठ्या शाळेत उपक्रम जास्त असतात, पण एकेका मुलाच्या वाट्याला येणारी जबाबदारीची कामं छोट्या शाळेत जास्त असतात, असं त्यांना दिसलं. रिलेला चार धावणारे आणि एक राखीव लागतो. वर्गात बऱ्यापैकी पळणारी मुलं सहाच असली, तर पाचव्या-सहाव्यालाही बॅटन हातात घ्यावंच लागतं. मोठ्या शाळेत तेच मूल बाहेर बसून टाळ्या वाजवतं. सराव बसच्या वेळेनंतर ठेवून आपण छोट्या शाळेचा हा फायदा स्वतःच घालवतो.

चाळीस मिनिटं पुरतात, पण फक्की मारून मैदान मधल्या सुट्टीतच तयार असेल तर. हजेरीला तीन मिनिटं. मग दहा मिनिटं हलकं धावणं, पाय झुलवणं, गुडघे उंच घेत चालणं. पुढची वीस मिनिटं तीन ठिकाणी तीन गट: रिले, लांब उडी, गोळाफेक. एका दिवशी एका गटाने एकच प्रकार करायचा. दर सहा मिनिटांनी ठिकाण बदलायला लावलं तर निम्मा वेळ चालण्यातच जातो. उरलेली सात मिनिटं चालणं, ताण देणं, पाणी.

खडू_फळा

तीव्र विरोध. आकडा समोर ठेवते. आठवड्याला तीन तास, प्रत्येकी ४० मिनिटं, वर्षाचे कामाचे ३६ आठवडे धरले तर घड्याळी ७२ तास होतात. हे तास कुठल्या विषयातून येणार ते तुमच्या प्रस्तावात नाही. शेवटच्या तासाला वेळापत्रकात जो विषय बसला आहे तोच वर्षभर बुडणार. आणि छोट्या शाळेत एका विषयाला एकच शिक्षक असतो. बुडालेला तास ‘दुसऱ्या तुकडीत जाऊन बस’ म्हणून भरून काढता येत नाही, कारण दुसरी तुकडीच नसते.

दुसरं, सव्वाशे मुलं एका वेळी मैदानावर आणि क्रीडाशिक्षक एक. गोळा पडतोय, बाजूने रिले पळतेय, पलीकडे खड्ड्यात उड्या. याला सराव म्हणायचं की अपघाताला आमंत्रण?

शिट्टी

@खडू_फळा, ७२ तासांचा हिशोब पुरा नाही. पीटीचे दोन तास वेळापत्रकात आधीपासून असतातच. ते दुपारी कधीतरी पडलेले असतात, ते शेवटी सरकवायचे. नवा तास एकच लागतो, म्हणजे वर्षाला घड्याळी २४ तास.

सुरक्षेचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर आहे, आणि @मैदान_आखणारा यांनी तो वगळायला नको होता. गोळाफेकीचं वर्तुळ मैदानाच्या कोपऱ्यात, फेकीची दिशा कुंपणाकडे. सगळ्यांचं फेकून झालं की एक शिट्टी, मग सगळ्यांनी मिळून गोळे आणायचे. गोळा परत फेकायचा नाही, घरंगळवायचाही नाही, हातात धरूनच आणायचा. अपघात फेकताना कमी होतात, दुसऱ्याचा गोळा पडण्याआधी आपला उचलायला धावण्यात जास्त होतात. १८ वर्षांखालच्या स्पर्धेत मुलींचा गोळा ३ किलोचा आणि मुलांचा ५ किलोचा. नवख्यांना त्याहून हलकाच द्यावा. जड गोळा दिला की मूल तो ढकलत नाही, चेंडूसारखा मागून फेकतं, आणि कोपर नि खांदा दुखावून घेतं. भाला या तासाला बाहेर काढायचाच नाही. त्याला रिकामं मैदान लागतं.

लांब उडीचा खड्डा रोज खणावा लागतो. वरवर दाताळं फिरवून भागत नाही. वाळू खाली घट्ट बसली की टाच आपटते आणि घोटा मुरगळतो. निदान ३० सेंटिमीटर खोलीपर्यंत मोकळी, किंचित ओलसर वाळू हवी. उडीची फळी खड्ड्यापासून १ ते ३ मीटरवर असते. शाळेतल्या मुलांसाठी ती १ मीटरवरच बरी, नाहीतर कच्ची मुलं वाळूपर्यंत पोचतच नाहीत. आणि दाताळं दात खाली करून, खड्ड्यापासून लांब ठेवायचं.

पहाटवारा

हा सगळा गोंधळ हवाच कशाला? सकाळी शाळेआधी तासभर सराव घ्या. ऊन नाही, एकही तास बुडत नाही, मैदान रिकामं. शाळेची बस लवकर सोडायची व्यवस्था झाली की प्रश्न मिटला.

घोटा_गुडघा

@पहाटवारा, झोपेचं काय? १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रात्री ८ ते १० तास झोप लागते. या वयात झोप लागण्याची वेळच पुढे सरकते, ‘लवकर झोप’ म्हणून ती मागे येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ साली हायस्कूल सकाळी साडेआठच्या आधी भरवूच नये अशी शिफारस केली ती याच कारणाने. लांबच्या मुलाला तासभर आधी उठवलं, तर ते मैदानावर येईल, पण दुसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकवेल. म्हणजे शिकवायचा तास बुडलाच, फक्त हजेरीत दिसला नाही.

दुसऱ्या बाजूलाही एक सांगायचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी. आठवड्याला ४० मिनिटांचे तीन तास त्याच्या जवळपासही जात नाहीत. तेव्हा ‘पीटीचे दोन तास पुरेत’ हा युक्तिवाद कुणी करू नये.

मात्र छोट्या शाळेत एक धोका हमखास असतो, तो म्हणजे तीच पाच-सहा मुलं प्रत्येक प्रकारात. चारशे, आठशे, लांब उडी, रिले, सगळीकडे तेच नाव. उंची झपाट्याने वाढत असते तेव्हा गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला फुगवटा येतो आणि दाबलं की दुखतं. मांडीचा स्नायू ज्या जागी ओढ देतो तिथलं हाड अजून कोवळं असतं. टाचेच्या मागेही तसंच होतं. अशा मुलाची उडी आधी बंद करायची, हळू धावणं चालेल. उडी मारून लंगडत असेल तर तेही बंद. नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागलं तर बहुतेक वेळा सुट्टीनंतर एकदम वाढवलेलं अंतर किंवा कडक जमीन हेच कारण निघतं. एका मुलाला धावण्याचा एक प्रकार, मैदानी एक आणि रिले, यापेक्षा जास्त देऊ नका. आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती.

खडू_फळा

म्हणजे दोन तास मान्य, तिसऱ्यावर वाद. पण स्पर्धेच्या दिवसाचं कुणीच बोलत नाही. १८ मुलांच्या वर्गातली ९ मुलं स्पर्धेला गेली की शिक्षकाला पुढचं शिकवता येत नाही आणि थांबताही येत नाही. गेलेली मुलं दुसऱ्या दिवशी दमून येतात नि वही कोरी असते. माझ्या मते यावर अट हवी: विषयात नापास असेल त्याने मैदानावर जायचं नाही. टेक्सासने १९८४ साली तसा कायदाच केला होता, एका विषयात जरी नापास झालं तरी सहा आठवडे स्पर्धा बंद.

शिट्टी

आणि १९९५ साली तीच मुदत तीन आठवड्यांवर आणावी लागली, हेही सांगा. छोट्या शाळेत ही अट फार महाग पडते. मोठ्या शाळेत एक मूल बसवलं तर दुसरं उभं राहतं. इथे चौघांतलं एक बसलं की रिलेच रद्द, म्हणजे गणितात पास झालेल्या तिघांनाही शिक्षा. शिवाय काही मुलं शाळेत टिकतात ती मैदानामुळे. त्यांचं मैदान काढून घेतलं तर अभ्यास वाढत नाही, गैरहजेरी वाढते.

त्यापेक्षा सराव कधीच बंद करायचा नाही, स्पर्धा रोखायची असेल तर रोखा, आणि तीही आठवड्याला तपासून. शुक्रवारी प्रत्येक विषयशिक्षकाने एका कागदावर फक्त ‘काय अपुरं आहे’ ते लिहायचं: तिसरा धडा, प्रयोगवही, काय असेल ते. पुढच्या शुक्रवारपर्यंत पूर्ण झालं की मूल मोकळं. सहा आठवड्यांच्या बंदीत मुलाला शेवट दिसत नाही, एका आठवड्याचा दिसतो.

स्पर्धेच्या दिवशी वर्गात उरलेल्यांसाठी नवा धडा काढू नये. उजळणी, प्रयोगाची पुनरावृत्ती, गटाने उदाहरणं. नवा भाग परवा. तारखा आधी माहीत असतातच, वर्षाच्या सुरुवातीला आखणी करताना तेवढे दिवस बाजूला ठेवता येतात.

मैदान_आखणारा

@खडू_फळा, तुमचा विषय गणित असेल तर एक प्रस्ताव. मैदान आखणं हाच भूमितीचा तास करा.

चारशे मीटरची धावपट्टी छोट्या मैदानात मावत नाही, दोनशेची मावते. दोन सरळ बाजू ४० मीटरच्या धरा, म्हणजे दोन्ही वळणांना मिळून १२० मीटर उरले. मोजणी आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेर करायची, कारण फक्कीच्या रेषेला उंच कड नसते. १२० ला २π ने भागलं की १९.१० येतात, त्यातून ०.२० वजा केले की आतल्या रेषेची त्रिज्या १८.९० मीटर. १.२२ मीटरच्या चार लेन टाकल्या तर सगळं मिळून सुमारे ८८ मीटर लांब आणि ४८ मीटर रुंद जागा लागते.

चूक नेमकी होते ती सुरुवातीच्या रेषा पुढे सरकवताना. नियमपुस्तकातला दुसऱ्या लेनचा आकडा ७.०४ मीटर असतो आणि तो डोळे मिटून उतरवला जातो. तो उंच कडेच्या धावपट्टीचा आहे. तिथे पहिली लेन ३० सेंटिमीटरवरून मोजतात आणि बाकीच्या २० वरून. नुसत्या रेषेवर सगळ्याच लेन २० वरून मोजल्या जातात, म्हणून पूर्ण एका फेरीला प्रत्येक लेन २π गुणिले १.२२, म्हणजे ७.६७ मीटरने पुढे सरकते. ७.०४ वापरलं तर दुसऱ्या लेनच्या मुलाला ६३ सेंटिमीटर जास्त धावावं लागतं. त्रिज्या मारताना नायलॉनची दोरीही नको. ती ताणली की लांबते आणि वळण अंड्यासारखं येतं. पोलादी टेप किंवा तार घ्या, मधली खुंटी खोल ठोका.

विज्ञानालाही मिळतं. शंभर मीटरवर उभा असलेला वेळ घेणारा शिट्टी ऐकून घड्याळ दाबत असेल तर आवाज त्याच्यापर्यंत पोचायलाच सुमारे ०.२९ सेकंद लागतात. मुलाची वेळ तेवढी खोटी चांगली येते, आणि मोठ्या स्पर्धेत ‘वेळ का वाढली’ म्हणून ते खचतं. सुरुवातीला हात किंवा झेंडा खाली आणायचा, तो बघून घड्याळ दाबायचं.

खडू_फळा

आखणीचा तास पटला. वर्तुळाच्या परिघावर याहून चांगलं उदाहरण पाठ्यपुस्तकात नसतं. पण तो वर्षातून दोनदा होईल, ७२ तासांचं उत्तर त्याने मिळत नाही. आणि त्या तासाला तीन ठिकाणी लक्ष कोण ठेवणार?

मैदान_आखणारा

बाकीचे शिक्षक. सगळी मुलं मैदानावर असली की त्यांचा तास रिकामाच असतो. केनियातल्या इटेनच्या सेंट पॅट्रिक्स शाळेत कोल्म ओ’कॉनेल १९७६ साली भूगोल शिकवायला आले, ॲथलेटिक्सचं कसलंही शिक्षण नसताना. लंडन २०१२ ऑलिंपिकला ८०० मीटर १:४०.९१ मध्ये धावलेल्या डेव्हिड रुडिशाचे तेच प्रशिक्षक.

खडू_फळा

ती निवासी शाळा आहे. तिथे शेवटच्या बसचा प्रश्नच येत नाही, आणि या धाग्याचा मूळ मुद्दा बस हाच होता. प्रत्येक विषयशिक्षकाकडून ओ’कॉनेल होण्याची अपेक्षा ठेवू नका. त्याच रिकाम्या तासाला आम्ही वह्या तपासतो, ते काम मग घरी जातं.

शिट्टी

ओ’कॉनेल कुणी व्हायला नको. रिलेच्या ठिकाणी उभ्या शिक्षकाने फक्त तीन गोष्टी बघायच्या. पहिला आणि तिसरा धावणारा बॅटन उजव्या हातात घेतो, दुसरा आणि चौथा डाव्या. दुसरं, अदलाबदल ३० मीटरच्या पट्ट्यात झाली का. त्यात पाय कुठे आहेत याला महत्त्व नाही, बॅटन कुठे आहे तेच धरतात. तिसरं, घेणाऱ्याने मागे वळून पाहिलं का. घेणाऱ्याच्या उभ्या राहण्याच्या जागेपासून मागे, पायाला पाय लावून मोजलेल्या साधारण वीस पावलांवर खूण करायची, येणारा त्या खुणेवर आला की घेणाऱ्याने सुटायचं आणि हाक आल्यावरच हात मागे करायचा. बॅटन अंगावर आलं तर खूण मागे न्यायची, गाठता आलं नाही तर पुढे आणायची. आधी उभ्याने, मग चालत, मग पाऊण वेगाने, आणि पूर्ण वेगात शेवटच्या दोनच वेळा.

वह्यांचं म्हणणं रास्त आहे. तीन दिवसांपैकी एकाच दिवशी एका शिक्षकाची पाळी लावा, उरलेले दोन दिवस त्यांचे.

खडू_फळा

एक पाळी चालेल. पण तिसरा तास वाराला बांधू नका. सोमवार-बुधवार-शुक्रवार असं ठरवलं की त्या वाराचा विषय कायमचा गेला. सहा दिवसांचं चक्र करा, पहिला दिवस ते सहावा दिवस, आणि दर महिन्याला शेवटच्या तासाचे विषय एक घर पुढे सरकवा. म्हणजे तोटा सगळ्यांत वाटला जाईल. शेवटच्या वर्षाच्या मुलांना परीक्षेआधीचे दहा आठवडे यातून पूर्ण वगळा. यावर मी मागे येणार नाही.

घोटा_गुडघा

पूर्ण वगळू नका. दहा आठवडे एकदम थांबलेलं मूल परीक्षा झाल्याबरोबर स्पर्धेला उभं राहतं, आणि मांडीचा मागचा स्नायू तेव्हाच धरतो. आठवड्याला एक तास ठेवा: हलकं धावणं, चार-पाच वेळा ६० मीटर पाऊण वेगाने, बस. उड्या आणि पूर्ण वेग नको.

खडू_फळा

एक तास, आणि तोही आधीच्या पीटीच्या दोनांतला. नवा नाही.