अपडेटनंतर हार्ड डिस्क दिसेना

बी-२०४ काकू: काल रात्री विंडोजचं अपडेट झालं, सकाळपासून बाहेरची हार्ड डिस्क दिसेना की ओ. दिवा लागतोय, हात ठेवला तर आत फिरतेय हेही कळतंय. ह्यांनी काढलेले शिवजयंतीच्या चित्ररथांचे सगळे फोटो त्यातच आहेत. ते गेल्यापासून मी एकदाही दुसरी प्रत काढली नाही. दुकानात फोन केला तर म्हणाले, फॉरमॅट करून देतो.

ए-१०१ अण्णा: वहिनी, फॉरमॅट अजिबात नको! स्क्रीनवर तसं विचारलं तरी कॅन्सल करा.

सी-३०२: काकू, चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन, मारून बघा. माझी तशीच सुरू झाली होती.

ए-१०१ अण्णा: थांब रे. दुरुस्तीला लावलं की चेकडिस्क डिस्कवरच लिहितं. फोटो दुसरीकडं नाहीत, आधी नुसतं बघू. वहिनी, टक-टक आवाज येतोय का?

बी-२०४ काकू: नाही, रोजच्यासारखाच. चार तोंडांच्या हबला जोडलीय, प्रिंटरही त्यालाच.

ए-१०१ अण्णा: हब काढा, थेट कॉम्प्युटरच्या मागं लावा. यूएसबी २.० च्या पोर्टला ५०० मिलिअँपिअरच मिळतात, ३.० ला ९००. त्यात हबवर वाटणी झाली की डिस्क अडते.

बी-२०४ काकू: लावली. तरी नाही ओ.

ए-१०१ अण्णा: असू दे. विंडोजचं बटण आणि एक्स एकदम दाबा, 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. 'इनिशिअलाइज' करू का विचारलं तर नको म्हणा.

बी-२०४ काकू: काही विचारलं नाही. डिस्क १, निळी पट्टी, ९३१ जीबी, एनटीएफएस, हेल्दी. पण माझी तर १ टीबीची! बाकीचे गेले का?

ए-१०१ अण्णा: काही गेलं नाही. कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते, विंडोज १०२४ च्या. एनटीएफएसच्या जागी 'रॉ', म्हणजे डिस्कवरची मांडणी विंडोजला वाचता येत नाही, असं लिहिलं असतं तर मी तुम्हाला तिथंच थांबवलं असतं. हिचं नुसतं अक्षर गेलंय, सी, डी असं विंडोज देतं ते. पट्टीवर राइट क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर', मग 'ॲड', आणि एच निवडा.

बी-२०४ काकू: आली! आली की ओ अण्णा! २००९ चं फोल्डर उघडलंय. बेळगावच्या नरगुंदकर भावे चौकातला रथ, वर आमचा धाकटा मावळ्याच्या वेशात, मिशी एका बाजूनं सुटलेली.

ए-१०१ अण्णा: आता बघत बसू नका, डिस्क हलवू नका. माझ्याकडं एक रिकामी डिस्क आहे, यूपीएसही घेऊन येतो. कॉपी चालू असताना लाईट गेली तर पंचाईत.

बी-२०४ काकू: या. दार उघडंच आहे.