एक्झॉस्ट फॅनला हात नको, टोपी मात्र हाताशी हवी
स्वयंपाकघरात गॅसचा वास आला की आधी एक्झॉस्ट फॅन लावा आणि रेग्युलेटर बंद करा, असा सल्ला दिला जातो. कृपा करून फॅन लावू नका. बटण दाबताना आत ठिणगी पडते, आणि ती चालू करताना पडते तशीच बंद करतानाही पडते. म्हणजे दिवा लागलेला असेल तर तो तसाच राहू द्यावा. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. त्यामुळे नुसत्या वरच्या झडपा उघडून भागत नाही, बाल्कनीचं दार सताड उघडायला हवं.

रेग्युलेटर बंद करा हे बरोबरच, पण गळती सिलिंडरच्या व्हॉल्व्हमधूनच असेल तर तेवढ्याने ती थांबेलच असं नाही. अशा वेळी रेग्युलेटर काढून व्हॉल्व्हवर ती प्लास्टिकची टोपी घट्ट बसवायची. नवीन सिलिंडरला दोरीने बांधून येते ना, तीच. बहुतेक घरांत दोरी कापून ती पहिल्याच दिवशी कुठेतरी टाकली जाते. आमच्या आईने ती सिलिंडरच्या कड्यालाच लटकत ठेवायची शिस्त लावली. मागे व्हॉल्व्हमधलं रबरी वायसर चिरलं होतं, रेग्युलेटर काढताच फस्स आवाज सुरू झाला, तेव्हा ती टोपी लगेच हाताला लागली. मग जिन्याखाली जाऊन १९०६ ला फोन केला. हा गॅसगळतीचा आपत्कालीन क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन घराबाहेर जाऊनच करा, आणि घरातल्या लहान मुलांनाही तो पाठ करून द्या.