सरासरी एफपीएस फसवा असतो

'काउंटर ६० दाखवतोय तरी गेम अडखळतो, म्हणजे ग्राफिक्स कार्ड बदला' हा सल्ला घाईचा वाटतो. ६० एफपीएस म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं), प्रत्येक फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. पण एका सेकंदात ५९ फ्रेम प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत आल्या आणि एक ११५ मिलिसेकंद अडकली, तरी काउंटर ६०च दाखवतो! डोळ्याला खुपते ती नेमकी ती एकच फ्रेम. म्हणून सरासरी सोडा, फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख लावा. रेषा सपाट हवी, सुळके नकोत.

सुळके दिसले तर गेममध्ये त्याच रस्त्याने दोनदा जाऊन बघा. पहिल्यांदा अडखळला आणि दुसऱ्यांदा सुरळीत चालला, तर बहुतेक वेळा दोष शेडर (दृश्य कसं रंगवायचं हे ग्राफिक्स कार्डला सांगणारे छोटे प्रोग्राम) कंपाइल होण्याचा, म्हणजे कार्डाला चालतील अशा रूपात तयार होण्याचा असतो. कन्सोलचं हार्डवेअर ठरलेलं, त्यामुळे शेडर आधीच तयार करून देता येतात. पीसीवर ते तुमच्या कार्ड आणि ड्रायव्हरनुसार तिथेच कंपाइल करावे लागतात. ड्रायव्हर अपडेट केला की जुनी कॅशे (तयार शेडरचा साठा) बहुधा बाद होते, म्हणून 'काल तर नीट चालत होता' अशा तक्रारी येतात. सुरुवातीचा शेडर तयार होण्याचा स्क्रीन कंटाळून बंद करू नका, पूर्ण होऊ द्या. दोन्ही वेळा त्याच जागी अडखळला तर बहुधा नवा भाग लोड होताना प्रोसेसर किंवा डिस्क कमी पडतेय. व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डची मेमरी) काठोकाठ भरलेली दिसली तर आधी टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) एक पायरी खाली आणा, बाकी सेटिंगला हात लावू नका.