कुंडीत कोथिंबीर: १८ दिवसांत चारच रोपं उगवली, त्यातली दोन आडवी

बाल्कनीबाग:
पुणे, पूर्वेची बाल्कनी, सकाळी ११ पर्यंत ऊन. १२ इंची कुंडीत लाल माती आणि शेणखत निम्मंनिम्मं. किराणातले अख्खे धणे रात्रभर भिजवून बोटाच्या दोन पेरांइतके खोल पेरले. पाणी रोज दोनदा. चार रोपं आली, त्यातली दोन बुंध्याशी बारीक होऊन कोलमडली. चुकतंय कुठे? तुळस, पुदिना आणि ओवाही बियांपासूनच लावायचाय.

मातकट:
दोन पेरं फार खोल झाली. धण्याला वर जेमतेम एक सेंटिमीटर माती पुरे. एवढ्या खालून येताना कोंब मधेच दम सोडतो, आणि रोजच्या पाण्याने वरची माती थापली जाऊन पापुद्रा धरते ते वेगळंच.

दिसायला एक असला तरी धणा म्हणजे जोडबी. पोळपाटावर लाटणं हलकं फिरवा, दोन फाका झाल्या की थांबा. भुगा झाला तर ती पूड आमटीत घाला. फाका १०-१२ तास भिजवून फडक्यावर पसरा, हाताला चिकटेनाशा झाल्या की पेरा. १२ इंची कुंडीला चहाचा एक चमचा धणे भरपूर होतात. कोंब दिसायला ८ ते १२ दिवस लागतात.

जुने धणे बऱ्याचदा उगवत नाहीत. आधी २० फाका ओल्या कपड्यात गुंडाळून डब्यात ठेवा. दहा दिवसांत निम्म्यांनाही मोड आले नाहीत तर ते धणे फोडणीलाच बरे.

शेणामाती:
फाका केल्याच पाहिजेत असं नाही. अख्खा धणाही रुजतो, फक्त एका जागी दोन रोपं येतात आणि दाटी होते.

कोलमडण्याचं कारण मात्र पाणी. याला मर म्हणतात. सतत ओल्या मातीतली बुरशी कोवळा बुंधा जमिनीलगत कुजवते. खत अर्धकच्चं असेल तर आणखी जोर धरते. शेणाचा वास येत असेल तर ते अजून कुजलेलं नाही. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं खत आणि एक भाग धुऊन पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या. कुंडीचं भोक मोकळं आहे ना, तेही बघा. बोट टेकवून वरची माती कोरडी लागली तरच पाणी, तेही सकाळी. पडलेली रोपं सावरत नाहीत. भोवतीच्या मातीसकट काढून टाका.

मंजिरी:
तुळशीचं बी धण्यासारखं पुरू नका. वाळलेल्या मंजिऱ्या तळहातावर चोळून बारीक बी मातीवर भुरभुरा, हाताने दाबा, वरून चिमूटभर चाळलेली माती. पाणी स्प्रेनेच द्या, तांब्याने ओतलंत तर सगळं बी एका कडेला वाहून जातं.

पुदिन्याच्या बियांच्या नादी लागू नका. बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या निवडा, चार इंच ठेवा, खालची पानं खुडून पाण्यात उभ्या करा. आठवड्या-दीड आठवड्यात मुळं फुटतात.

ओव्यात गल्लत होते. भजी करतो तो जाड, लवदार पानांचा पानओवा, तो फांदीवरून लावतात. डब्यातला ओवा पेरलात तर शेपूसारख्या बारीक पानांचं वेगळंच झाड येईल.

बाल्कनीबाग:
आभारी आहे. उरलेली दोन रोपं काढून नवीन कुंडीत लावू का? आणि उन्हाळ्यात हे जमेल?

मातकट:
हलवू नका. कोथिंबिरीचं सोटमूळ सरळ खाली जातं, ते दुखावलं की रोप रुसतं. आहेत तिथेच राहू द्या, नवी पेरणी दुसऱ्या कुंडीत करा.

उन्हाळ्यात ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा, तरी कोथिंबीर लवकर फुलावर जाते. मधून दांडा वर आला आणि नवी पानं दोऱ्यासारखी बारीक यायला लागली की उपटून वापरून टाका. म्हणून सगळे धणे एकदम पेरू नका, दर १५ दिवसांनी थोडे पेरा.